वाचकांचे प्रश्न : घोडी नव्हे, घोंगडी

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. गडहिंग्लज तालुक्यातून लिहितोय. आमचं गाव सामानगडाच्या पायथ्याला. आमच्या घराला गावात अजून ‘बंडवाले’ म्हणतात. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात आमचे मूळपुरुष गडावर होते, आणि परत आले नाहीत. दसऱ्याला आमच्यात तलवार पूजत नाहीत, कोयता पूजतात. आजी सांगायची, तलवार सरकारात गेली, कोयता तेवढा राहिला.

कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा थोरल्या चुलत्यांनी माळ्यावरची पेटी उघडली. त्यात एक मोडी कागद मिळाला. तालुक्याच्या गावी एकांकडून वाचून घेतला. त्यांनी नाचणी, मीठ, ‘घोडी १’ एवढं वाचलं, बाकी लागत नाही म्हणाले. तारखेच्या जागी ‘खमस अर्बैन’ असं काहीतरी आहे. फोटो सोबत जोडतो. पूर्वजांकडे घोडी होती म्हणजे ते साधे शिपाई नव्हते, असं आम्ही धरून चाललोय.

आता भावकीने वर्गणी काढून गावात त्यांचा दगड बसवायचं ठरवलंय. घोड्यावर बसलेली मूर्ती आणि खाली ‘आद्य स्वातंत्र्यसैनिक’. पण दोन अडचणी आहेत. एक, गावातले शिकलेले म्हणतात, कसले स्वातंत्र्यसैनिक, जमिनी जायला लागल्या म्हणून भांडले. दुसरी आमच्या घरातलीच. मूळपुरुषाच्या धाकट्या भावाने इंग्रजांना वाट दाखवली असं आमच्या थोरल्या पातीत सांगतात. गड पडल्यावर त्याने कचेरीत शिपायाची नोकरी धरली, हे तर धाकट्या पातीतलेही मान्य करतात. दोन्ही पातींचा देव एक, पण नैवेद्य आजतागायत वेगळा जातो. दगडावर धाकट्याचं नाव घालायचं नाही, आणि गद्दारीचा उल्लेख एका ओळीत करायचाच, असं आमच्यातल्या काही जणांचं म्हणणं आहे. माझी झोप उडालीय. तुम्ही सांगाल ते मी भावकीपुढे ठेवतो. (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : दादा, तुमचं पत्र आणि फोटो येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तो कागद मी रोज थोडा थोडा वाचत होते. शिळा टाकायच्या आधी त्यात काय आहे ते तुम्हाला कळायलाच हवं.

आधी तारीख. तुमचा कागद वाचणाऱ्यांना ‘खमस अर्बैन’ लागलं, पुढचं घडीत गेलंय, पण फोटो मोठा केला की दिसतं : ‘खमस अर्बैन मयातैन व अलफ’. हा सुहूर सन, जुन्या मराठी कागदांत वापरायची कालगणना. आकडे अरबीत, आणि उलट्या क्रमाने, एकं आधी. खमस म्हणजे ५, अर्बैन ४०, मयातैन २००, अलफ १०००. झाले १२४५. त्यात ५९९ मिळवा, १८४४ येतात. हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं, म्हणजे कागद जून १८४४ ते जून १८४५ या काळातला. त्याच ओळीच्या शेवटी ‘छ ११ साबान’ आहे. छ म्हणजे चंद्र, साबान हा मुसलमानी चांद्रमहिना. त्या वर्षीचा साबान ऑगस्टच्या मध्याला लागला होता. तेव्हा हा कागद ऑगस्ट १८४४ च्या शेवटच्या आठवड्यातला, एखाद्या दिवसाचा फरक धरा. आपल्या महिन्यात सांगायचं तर श्रावण, शके १७६६. नागपंचमी होऊन गेलेली, नारळी पौर्णिमा तोंडावर.

बंड उठलं जुलैमध्ये, आणि ते सामानगडावरच आधी उठलं. म्हणजे या दिवशी गडाचे दरवाजे बंद होते. बेळगावकडची फौज अजून यायची होती, ती सप्टेंबरात आली. मधल्या त्या पावसाळी आठवड्यांतला हा कागद आहे. मी चाळीस वर्षं मोडी वाचतेय. बंडाबद्दल लिहिलेले कागद खूप पाहिले, ते बहुतेक बंड मोडणाऱ्यांच्या बाजूचे. आतल्या बाजूचा, गड बंद असतानाचा, एका घरातला कागद माझ्या हाती असा पहिल्यांदाच आला.

आता मजकूर. ही पावती आहे. गडावरच्या कारकुनाने ‘जमा गल्ला किल्ले सामानगड’ असं वर लिहून खाली तपशील दिलाय : नाचणी ६ पायली. मीठ २ शेर. आणि तिसरी ओळ, जिच्यावरून तुम्ही घोडा घडवायला निघालात.

दादा, ती घोडी नाही. मोडीत आधी वर रेघ ओढतात आणि हात न उचलता अक्षरं त्या रेघेला टांगतात. अनुस्वार बरेचदा देतच नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. तुमच्या फोटोत कागदाची उभी घडी नेमकी ‘घो’ आणि ‘डी’ यांच्या मधून गेलीय. त्या घडीच्या डाव्या अंगाला एका अक्षराची वाटोळी शेपटी उरलीय, उजव्या अंगाला त्याचाच दांडा. ते ‘ग’ आहे. शब्द ‘घोगडी’. घोंगडी १.

श्रावणातला सामानगड तुम्हाला मी सांगायला नको. वर धुकं, सड्यावर वारा आडवा, पाऊस खालून वर आल्यासारखा येतो. अशा दिवसांत घरातून वर गेलेल्या माणसाला घरच्यांनी घोंगडी पाठवली, आणि दरवाज्यावरच्या कारकुनाने ती नाचणी-मिठाबरोबर टाकाने नोंदवून घेतली. हे वाचलं तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि गच्चीत जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

आणि ती नाचणी. चार शेरांची पायली धरली तर सहा पायल्या म्हणजे चोवीस शेर. आठ-दहा खाणाऱ्या तोंडांच्या घरात आठवड्याभराचं पीठ. हे सुगीनंतर दिलं असतं तर वेगळं. श्रावणात नाचणा अजून शेतात हिरवा उभा असतो, त्याला दिवाळी गाठायची असते. कणगीत हात घातला की तळाचं शेण लागतं ते हे दिवस. माझी आई श्रावण-भादव्याला ‘पोटाचे महिने’ म्हणायची. त्या तळातून कुणीतरी सहा पायल्या मोजून काढल्या. मोजणारीचं नाव पावतीत नाही.

आता गावातल्या शिकलेल्या मंडळींचा मुद्दा : जमिनीसाठी भांडले. हो, जमिनीसाठीच. पण ती जमीन काय होती ते त्यांना विचारा. गडकरी म्हणजे पगारी लष्कर नव्हे. गड राखायचा, आणि त्याबद्दल गडाखालची शेतं पिढ्यान् पिढ्या कसायची. गडाच्या घेऱ्यात मराठे होते, बेरड होते, रामोशी होते, महार होते, प्रत्येकाची जागा आणि काम ठरलेलं. या शेतांचा कारभार गडावरचे अंमलदार बघायचे. शेत आणि पहारा हा एकच व्यवहार होता.

१८३८ मध्ये बुवासाहेब महाराज वारले. गादीवर आले ते बाबासाहेब, म्हणजे चौथे शिवाजी महाराज, अजाण वयाचे. कारभार आधी राजघराण्यातल्या बायकांच्या हाती होता. मग कंपनी सरकारने आपल्या पसंतीचा कारभारी बसवला, दाजी कृष्ण पंडित. त्याने खर्च कमी करायचा म्हणून गडांचा वेगळा कारभार मोडला आणि गडकऱ्यांची शेतं मुलकी मामलेदारांच्या हाताखाली घातली. कागदावर बघाल तर साधी फेररचना. पण गडकऱ्याला त्यातून काय कळलं? उद्या शेताचा मालक मामलेदार, म्हणजे परवा गडावर माझं काम नाही. आणि तो बरोबर होता. वर्ष संपायच्या आत तसंच झालं.

हुकमावर शिक्का दरबारचा, पण राजा लहान, आणि कारभारी बेळगावच्या साहेबाचं ऐकणारा, हे खेड्यातल्या माणसालाही दिसत होतं. म्हणून सामानगडापाठोपाठ भुदरगड उठला, पुढे पन्हाळा, पावनगड, विशाळगड, रांगणा. सुभेदार मुंजाप्पा कदम, बाबाजी अहिरेकर ही नावं त्यातलीच. कर्नल ओव्हन्स नावाचा कंपनीचा बडा अधिकारी फिरतीवर असताना धरला आणि पन्हाळ्यावर कोंडला. तिकडे सावंतवाडीतही आग लागली. नुसत्या चार बिघ्यांच्या तंट्याला एवढे गड एका वर्षात उठत नाहीत.

तरीही दगडावर ‘स्वातंत्र्यसैनिक’ घालू नका असं मी म्हणेन. तो शब्द दुसऱ्या पिढीचा आहे. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर चालून गेले आणि त्यातले सात जण हुतात्मा झाले, त्यांना तो शोभतो. त्यांनी तो स्वतः निवडला होता. तुमच्या पूर्वजाला विचारलं असतं तू कोण, तर तो म्हणाला असता, गडकरी. तो शब्द कमी पडतो असं वाटतं तुम्हाला? मला नाही वाटत.

दसऱ्याच्या कोयत्याविषयी एक. सामानगड पडला ऑक्टोबरच्या मध्यावर, जनरल डेलामोटच्या फौजेकडून. मी पंचांग मागे मोजून पाहिलं. तो घट बसण्याचा सुमार होता. म्हणजे गड पडल्यावर पाठोपाठ दसरा आला. बंड मोडल्यावर हत्यारं काढून घेतली गेली. त्या दसऱ्याला तुमच्या घरात पूजायला काय उरलं असेल? आजी म्हणाली तेच. लोक म्हणतात तोंडच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. मी म्हणते, ठेवायच्या आधी तारीख लावून बघावी. तुमच्या आजीची गोष्ट तारखेला टिकते.

पुढची ओळ लिहिताना माझा हात जड झालाय, कारण तिच्यामुळे तुमच्या घरात बोलाचाली होणार. पावतीच्या तळाला ‘हस्ते’ आहे. धान्य कुणी आणून पोचवलं त्याचं नाव. पूर्ण नाव आहे, पुढे ‘बिन’ आणि बापाचं नाव. तुम्ही पाठवलेल्या वंशावळीशी मी ते चार वेळा ताडून पाहिलं. बाप तोच. हस्ते धाकटा भाऊ आहे.

वर जो होता तो थोरला. ज्याने पाठीवर नाचणी घेतली, खांद्यावर घोंगडी टाकली, आणि बंद गडाच्या दरवाज्याशी जाऊन हाळी दिली, तो तुमच्या थोरल्या पातीने पावणेदोनशे वर्षं गद्दार म्हटलेला माणूस. आणि बघा, पावती नेणाऱ्याच्या हातात देतात. ती तुमच्या पेटीत निघाली. म्हणजे तो उतरून घरी आला आणि कागद घरात जपून ठेवला. तेव्हा पाती दोन नव्हत्या. चूल एकच होती.

हा एका दिवसाचा कागद आहे, ऑक्टोबरातल्या दिवसांचा नव्हे, हे भावकीला स्पष्ट सांगा. वाट दाखवली की नाही याचा निवाडा त्यातून होत नाही. पण ज्या गोष्टीला कागद नाही ती दगडात कोरायची, आणि ज्या गोष्टीला कागद आहे ती गाळायची, हे मला पटत नाही.

राहिली कचेरीतली नोकरी. यावर मला माझ्या माहेरचं सांगू द्या. आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याचं. १ डिसेंबर १८४४ ला पन्हाळ्याचा तट तोफांनी फोडून गड घेतला आणि नंतर गडाची मोडतोड केली. आज गाडीरस्ता जिथून गडात शिरतो तिथे चार दरवाजा होता, तोही तेव्हाच पाडला. आमच्या घरात असं सांगत की खापरपणजोबांचे वडील त्या दरवाज्याच्या पहाऱ्यावर होते, आणि दरवाजा पाडला तेव्हा त्याचे दगड वाहायला खापरपणजोबाच मजुरीवर होते. आजी हे सांगायची तेव्हा दार लोटून घ्यायची. मला लहानपणी त्या माणसाची लाज वाटायची. शाळेत गडाची सहल निघाली की मी चार दरवाज्यापाशी बाईंच्या मागे लपायची, जणू कुणी मला ओळखणार आहे.

लाज गेली ती वयाच्या चाळिशीत. पुराभिलेखागारात त्या वर्षानंतरचे दप्तर वाचत बसले तेव्हा. गडांवरच्या शिबंद्या, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या, मोडल्या. राज्याचा कारभार कंपनीने हाती घेतला, तो महाराजांना परत मिळायला १८६२ उजाडलं. बंड मोडायचा खर्चही कोल्हापूरच्याच माथी मारला. पिढ्यान् पिढ्या एकच काम केलेल्या माणसाचं काम एका हिवाळ्यात जगातून नाहीसं झालं. त्याच्या घरात मुलं होती. दगड वाहायला मिळाले, त्याने वाहिले. तुमच्या धाकट्याला कचेरीत पट्टा मिळाला, त्याने घातला. त्या पगाराची भाकरी कोण कोण खात होतं, हे तुमच्या वंशावळीतच आहे. थोरला परत आला नाही तेव्हा त्याचा मुलगा, म्हणजे तुमचा सरळ पूर्वज, कितीसा होता? तुम्हीच पेन्सिलने लिहिलंय : ‘लहानपणी बाप गेला, चुलत्याने वाढवला’. दादा, हा चुलता कोणता?

दगडासाठी मी सुचवते तो मजकूर असा : वर दोघा भावांची नावं, बापाच्या नावासकट, थोरला आधी. खाली ‘किल्ले सामानगडचे गडकरी. शके १७६६, सन १८४४’. त्याखाली पावतीच्या तीन ओळी, जशाच्या तशा : नाचणी ६ पायली, मीठ २ शेर, घोंगडी १. मूर्तीचे पैसे वाचतील, त्यातून दगडावर छप्पर घाला. आडनाव मोठ्या अक्षरात नको, त्या काळच्या गडाच्या कागदांत आडनावं क्वचितच येतात. पुढे शोध घ्यायचा तर हेच लक्षात ठेवा. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आडनाव सांगून मागाल तर हाती काही लागणार नाही. गडाचं नाव आणि साल सांगून दप्तर मागा, आणि आत ‘अमुक बिन तमुक’ शोधत बसा. चार खेपा मोकळ्या जातील. पाचवीला जा.

कागदाची काळजी. लॅमिनेशन करू नका, कुणी कितीही म्हणो. चिकटपट्टी लावू नका. घडी हळूच उघडा, पुन्हा त्याच घडीवर मिटू नका, धुतलेल्या मलमलीत सपाट ठेवा. पेटीत डांबरगोळ्या असतील तर त्या आधी काढा. आणि मूळ कागद कुणालाही देऊ नका, प्रदर्शनाला नाही, सत्काराला नाही, ‘दोन दिवसांत परत करतो’ म्हणणाऱ्याला तर नाहीच. माझ्या वडिलांनी आमच्या घरातले अकरा कागद असेच एका ठिकाणी विश्वासाने दिले, पोच घेतली नाही. ते पुन्हा कधी दिसले नाहीत. वडील जायच्या आधल्या वर्षीही ते त्यांची चौकशी करायला एसटीने जाऊन आले होते. त्यातल्या एकावर तरी चार दरवाज्याच्या पहाऱ्याची नावं असावीत असं मला अजून वाटतं.

भावकीपुढे हे ठेवताना आधी थोरल्या पातीत वाचून दाखवू नका. दोन्ही पातींना एकाच दिवशी, एकाच सोप्यात बसवा, आणि कागद मध्ये पाटावर ठेवा. धाकट्या पातीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला ‘हस्ते’वर बोट ठेवून नाव दाखवा. वाचून तुम्ही दाखवा, पण बोट त्यांचं असू दे.

आणि एक काम लगेच करा. तुम्ही फक्त पुढच्या बाजूचा फोटो पाठवलाय. उजव्या कोपऱ्यात मागची शाई उमटून आलेली दिसते, निदान दोन ओळींची, आणि अक्षर वेगळं आहे, कारकुनाचं नाही. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा. कागद उलटताना दोन्ही हात लावा.